वीस वर्षांहून जुनी बोर्दो: वय कोणते आणि बिघाड कोणता

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या भावाने फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातल्या सँ-एस्तेफ गावच्या २००१ सालच्या लाल वाइनच्या दोन बाटल्या तिथल्या एका व्यापाऱ्याकडून घेतल्या आणि दिवाळीत पुण्याला आणल्या. त्यांतली एक आपण आठवड्याभरातच उघडली, दोन तास डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवण्याच्या काचेच्या सुरईत ठेवली आणि घरातल्या तापमानालाच पाहुण्यांना दिली. रंग कडेला विटकरी दिसला, वास ओल्या पालापाचोळ्याचा आणि तंबाखूचा आला, चव आंबटसर लागली आणि शेवट कडवट झाला. दोघांनी वाइन ‘गेली’ असा निकाल दिला, तिसऱ्या पाहुण्यांना मात्र ती आवडली. उरलेली वाइन दुसऱ्या दिवशी स्पष्टच आंबट झाली होती. आता दुसरी बाटली उघडावी की ठेवावी, आणि अशा वाइनची पारख नेमकी कशी करावी, हे आपल्याला हवे आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, असे मला वाटते. वाइन चांगली आहे की नाही, हा एक. आणि ती आपल्या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हा दुसरा. तरुण वाइन जोखताना हे दोन्ही एकत्र धरले तरी फारसे बिघडत नाही. जुन्या वाइनमध्ये मात्र त्यांची फारकत करावीच लागते, कारण उत्तम वाइन उतरणीला लागलेली असू शकते आणि सामान्य वाइन ऐन भरात सापडू शकते. त्याखेरीज प्रत्येक जुन्या बाटलीचे स्वतःचे नशीब असते: तिचे बूच, तिची साठवण, तिचा प्रवास. त्यामुळे अशी वाइन समोर आली की मला जे जाणवते त्याची विभागणी मी तीन ठिकाणी करते. काय वयामुळे आले, काय बिघाडामुळे आले, आणि काय केवळ ती ज्या प्रकारे ग्लासात वाढली गेली त्यामुळे आले. आपल्या बाटलीचा वास मी घेतलेला नाही, तेव्हा पुढे जे लिहिते ते आपल्या वर्णनावरून काढलेले अनुमान आहे. पण त्या वर्णनात बिघाडाची म्हणावी अशी खूण मला जवळजवळ दिसत नाही.

आधी ती वाइन कुठली, हे लक्षात घ्यावे. सँ-एस्तेफ हे गाव बोर्दोच्या डाव्या काठावर, मेदोक या पट्ट्यातल्या नामांकित गावांच्या अगदी उत्तरेला, जिरोंद खाडीलगत आहे. दक्षिणेकडच्या पोयाक किंवा मार्गो या गावांपेक्षा इथल्या गोट्यांच्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण जास्त आहे, आणि परंपरेने इथल्या वाइन काहीशा कठोर, टॅनिनने (तोंड कोरडे करणाऱ्या तुरट द्रव्याने) भरलेल्या आणि आम्लता टिकवून ठेवणाऱ्या मानल्या जातात. २००१ चा हंगाम फार गाजलेल्या २००० च्या लगेच नंतर आला, त्यामुळे तो बराच काळ झाकोळला गेला; प्रत्यक्षात त्या वर्षीच्या वाइन उष्ण वर्षांतल्यासारख्या गोडसर, भरगच्च नसून सडपातळ आणि ताज्या आहेत. म्हणजे थोडी धार या वाइनच्या जन्मातच होती. त्याच वयाची, मेर्लो द्राक्षावर आधारलेली, बोर्दोतल्याच पोमरोलची वाइन आपण घेतली असती, तर ती मऊ आणि गोलसर लागली असती, आणि कदाचित कोणी तक्रारही केली नसती.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. ‘मुरण्याची ताकद फक्त फ्रान्सच्या वाइनमध्येच’ हा समज आता धरून ठेवण्यासारखा राहिलेला नाही. १९७६ मध्ये ब्रिटिश वाइन-व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी पॅरिसमध्ये नावे झाकून जी चाखणी घेतली, तीत लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप पहिली आली, तेव्हा ‘फ्रेंच वाइन वीस-तीस वर्षे मुरू द्या, मग बघा’ असा बचाव केला गेला. २००६ मध्ये त्याच वाइन लंडन आणि कॅलिफोर्नियातले नापा या दोन्ही ठिकाणी पुन्हा चाखल्या गेल्या आणि पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाकडे गेले. पहिली आली ती रिज माँटे बेलो १९७१. मेदोकप्रमाणे तिथल्याही या वाइनचे मुख्य द्राक्ष असलेले कॅबर्ने कुठे आणि किती उंचीवर पिकते, किती सावकाश पिकते, आम्लता किती शिल्लक असताना तोडली जाते, यांवर मुरण्याची ताकद ठरते. आपल्या नाशिक-सोलापूरकडे द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये, चढत्या उन्हात तयार होते. तिथल्या कॅबर्नेचा आनंद पहिल्या काही वर्षांतच घ्यावा आणि ती वीस वर्षे कपाटात ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बाटलीकडे. उघडण्याआधी मी ती उजेडात धरून वाइनची पातळी पाहते. बोर्दोच्या बाटलीला खांदे असल्यामुळे हे सोपे जाते. वीस-पंचवीस वर्षांच्या वाइनची पातळी मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या अगदी वरच्या टोकाला असेल तर काळजीचे कारण नाही. ती खांद्याच्या मध्यावर उतरली असेल तर बुचातून हवा आत गेली असण्याची शक्यता बरीच आहे. टोपणाखालून वाइन झिरपल्याचे चिकट डाग, किंवा बूच बाटलीच्या तोंडापेक्षा वर उचललेले दिसणे, ही उष्णता लागल्याची लक्षणे आहेत. बुचाच्या वरच्या बाजूला काळसर बुरशी दिसली तर घाबरू नये. ती ओलसर तळघराची निशाणी आहे आणि ओल्या फडक्याने पुसून टाकता येते. जुने बूच भुसभुशीत असते, म्हणून मळसूत्री ओपनरपेक्षा दोन पातळ पात्यांचा ओपनर बरा. पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी डोलवत आत सरकवायची आणि मग पिळत वर ओढायचे.

आपल्या पहिल्या बाटलीत जे बिनसले ते मुख्यतः तळाच्या गाळामुळे, असा माझा अंदाज आहे. इतक्या वर्षांत टॅनिन आणि रंगद्रव्ये यांचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन मोठे होतात आणि त्यांतला काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. विमानप्रवासात तो सगळा ढवळला जातो, आणि बारीक गाळ पुन्हा खाली बसायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. ढवळलेला गाळ वाइनमध्ये तरंगत असताना शेवट कडवट आणि मातकट लागतो. वाइन धूसर दिसते, आणि फळाचा वास दबून जातो. ती बाटली निदान तीन-चार आठवडे स्वस्थ पडू दिली असती आणि उघडण्याआधी दोन दिवस उभी ठेवली असती, तर त्या कडवटपणातला बराचसा भाग आला नसता.

तापमानाचेही तसेच. युरोपातल्या ‘खोलीच्या तापमानाला’ द्या या सूचनेतली खोली १७-१८ अंशांची होती, पुण्याच्या दिवाणखान्यातली नव्हे. २५-२६ अंशांवर अल्कोहोल वर उडून नाकाला झोंबते, आणि जुन्या वाइनमध्ये थोडी उडनशील आम्लता (व्हिनेगरसारखी, नाकाला जाणवणारी) असतेच, तीही अवाजवी जाणवू लागते. अशी वाइन १६ अंशांच्या आसपास ग्लासात ओतावी. हातात धरल्यावर ती आपोआप दोन अंश वर जाते. सोय नसेल तर बाटली शीतकपाटात अर्धा-पाऊण तास, पण उभीच ठेवावी.

डिकँटरबद्दल जाणकारांतच मतभेद आहेत. आधुनिक बोर्दोच्या वाइनशास्त्राचे अध्वर्यू एमिल पेनो यांचे म्हणणे असे होते की गाळ असेल तरच वाइन डिकँट करावी आणि तीही वाढण्याच्या ऐन वेळी, कारण जुन्या वाइनचा नाजूक गंध हवेत विरतो. तरुण, आडदांड वाइनच्या बाबतीत मी त्यांच्यापेक्षा सैल आहे. वीस वर्षांपुढच्या वाइनला मात्र मी त्यांचाच नियम लावते: गाळ वेगळा करण्यापुरते डिकँटिंग, मानेखाली टॉर्चचा उजेड धरून, एकाच संथ ओघात, आणि गाळाची पहिली रेघ मानेपाशी आली की थांबायचे. दोन तास हवेशी गाठ घालून देणे हे चाखून पाहिल्यानंतर, ती वाइन बंदिस्त, म्हणजे वास न सोडणारी वाटली तरच. आपण ते न चाखता केले.

रंगाची पारख पटकन होते आणि तिच्यावर फार विसंबूही नये. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरावा आणि मध्यापासून कडेपर्यंत रंग कसा बदलतो ते पाहावे. तरुण कॅबर्नेच्या कडेला जांभळी झाक असते. पुढे ती माणकासारखी लाल, मग गडद लाल-विटकरी होते. या वयात विटकरी कड ही अपेक्षितच आहे. मध्यभाग अजून लाल आणि पारदर्शक असेल, त्यात चमक असेल, तर सगळे ठीक आहे. मध्यभागही तपकिरी आणि निस्तेज झाला असेल तर प्रकरण ऑक्सिडेशनकडे, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने होणाऱ्या बिघाडाकडे झुकले आहे. ग्लासाच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांवरून दर्जा ओळखता येतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांवरून फार तर अल्कोहोलचा अंदाज येतो.

खरी पारख नाकाने होते, आणि ती घाईने होत नाही. ग्लासात ५० मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नये. पहिला वास ग्लास न हलवता घ्यावा, कारण सर्वांत उडते आणि सर्वांत क्षणभंगुर गंध तेव्हाच हाती लागतात; मग हलके फिरवून दुसरा. मी स्वतःला प्रथम एवढेच विचारते: फळ शिल्लक आहे का? तरुणपणीचा काळ्या मनुकांच्या जातीचा ताजा वास या वयात असायला नकोच. पण सुकलेले फळ, अंजीर, आमसूल, अगदी जांभळाच्या सालीची आठवण, असे काहीतरी खाली तग धरून असायला हवे. त्याच्यावर वयाचे थर येतात: देवदाराचे लाकूड, सिगारची पेटी, तंबाखूचे सुके पान, कातडे, पावसानंतरची रानातली जमीन, अळंबी. काही जुन्या मेदोकमध्ये पुदिन्यासारखी थंड झुळूकही येते, आणि बोर्दोतल्या संशोधकांनी तिचा संबंध पिपेरिटोन नावाच्या संयुगाशी लावून दाखवला आहे. ती आली की मी खूश होते. आपण वर्णिलेला पालापाचोळा आणि तंबाखू हे याच कुळातले आहेत. ज्यांनी फक्त तरुण, फळाळ वाइन चाखली आहे त्यांना ते वास सडके वाटू शकतात, आणि यात त्यांचा दोष नाही.

हिरव्या भोपळी मिरचीचा वास आला तर तो वयाचाही नाही आणि बिघाडाचाही नाही. तो पायराझिन या संयुगांचा, म्हणजे घराण्याचा वास आहे. कॅबर्ने सोव्हिन्याँ हे कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या संकरातून आले, हे १९९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या जनुकीय चाचण्यांनी दाखवून दिले, आणि ही दोन्ही मायबाप द्राक्षे त्या वासासाठी ओळखली जातात. द्राक्ष पुरते पिकले नाही की तो जास्त राहतो, आणि बाटलीत वर्षे गेली तरी फारसा कमी होत नाही.

बिघाड ओळखायला याहून थोडी शिस्त लागते. सर्वांत फसवा बिघाड बुचाचा: ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल या संयुगाचा दोष, जो १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमध्ये हान्स टॅनर यांनी हुडकून काढला. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणातही तो जाणवतो. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास, अशी त्याची ओळख सांगतात आणि इथेच लोक रानमातीच्या वासाशी त्याची गल्लत करतात. माझी कसोटी सोपी आहे. रानमातीच्या वासाबरोबर इतर काही ना काही येतच असते, आणि पंधरा मिनिटांनी ते बदलते. बुचाचा दोष असलेली वाइन मुकी होते. फळ गायब, चव अर्ध्यावर तुटलेली, आणि हवेत ठेवली तर ती सुधारत नाही, उलट पुठ्ठा अधिक स्पष्ट होतो. आपल्या पाहुण्यांनी तंबाखू ओळखला, यावरूनच हा दोष नसावा असे मला वाटते.

ऑक्सिडेशन झालेल्या लाल वाइनला शिजवलेल्या आलूबुखाराचा, सुक्या गवताचा, कधी शेरीसारखा वास येतो. मेथीदाण्यांची आठवण झाली तरीही सावध व्हावे, कारण मेथीला तिचा वास देणारे सोटोलोन हे संयुग ऑक्सिडेशन झालेल्या वाइनमध्येही तयार होते. उष्णता लागलेली वाइन मुरंब्यासारखी, भाजल्यासारखी लागते. नखांच्या पॉलिशच्या रिमूव्हरचा वास आला तर तो इथाइल अ‍ॅसिटेटचा. अगदी पुसट असेल तर जुन्या वाइनमध्ये तो मी चालवून घेते, ठळक असेल तर नाही. राहिला ब्रेटानोमायसेस हा यीस्ट. तबेला, घामट खोगीर, औषधी पट्टी असे वास त्याचे. बोर्दोतल्या पास्काल शातोने यांनी १९९० च्या दशकात त्याच्यामागच्या इथाइल-फिनॉल संयुगांचा अभ्यास करून लिटरमागे सुमारे ४२५ मायक्रोग्रॅमच्या पुढे त्यांचा त्रास जाणवू लागतो असे मांडले. जुन्या मेदोकमध्ये त्याची पुसट छटा अनेकांना आवडते, मलाही. पण सगळ्या वासांवर तोच स्वार झाला की द्राक्षही उरत नाही आणि गावही उरत नाही. इथे आवडीनिवडीला जागा आहे, बुचाच्या दोषात ती नाही.

तोंडात घेतल्यावर मी चवींची यादी करत बसत नाही. या वयात मला तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. टॅनिन मऊ झाले आहे का? हिरड्यांवर त्याची पकड जाणवावी, पण त्यांना कोरडे करणारा खरखरीतपणा नसावा. जिभेच्या मधोमध काही भरीव आहे का, की वाइन सुरुवातीला लागते, शेवटी लागते आणि मधे पोकळी असते? आणि गिळल्यावर काय मागे उरते: फळ आणि गंध, की नुसते आम्ल आणि तुरटपणा? वाइन ‘सुकत चालली’ असे आम्ही म्हणतो, त्याचा अर्थ हा की टॅनिनच्या आधी फळ संपले. कठोर वर्षांतल्या मेदोकची ही नेहमीची शोकांतिका आहे.

आपल्याला जाणवलेल्या आंबटपणाचा खुलासा इथेच आहे. बाटली नीट बंद असेल तर वाइनमधले आम्ल वयाबरोबर लक्षणीय वाढत नाही. तरुणपणी फळाची गोडसर भर आणि टॅनिनचे वजन त्याला झाकून असते. ते झाकण पातळ झाले की आम्ल पुढे येते. नदीचे पाणी ओसरले की खडक उंच झालेले नसतात, उघडे पडलेले असतात. म्हणून जुन्या वाइनमध्ये ‘आंबट आहे का’ यापेक्षा ‘आम्लासोबत अजून काय आहे’ हे विचारावे. व्हिनेगरचा आंबटपणा निराळा. तो आधी नाकाला कळतो आणि घशात जळजळतो. दुसऱ्या दिवशीचा आंबटपणा तर पुरावा म्हणून धरूच नये. दोन तास डिकँट होऊन रात्रभर अर्ध्या बाटलीत राहिलेली वीस वर्षांची वाइन टिकली असती, तरच मला नवल वाटले असते.

पहिल्या घोटावर निकाल मात्र कधीही देऊ नये. मी ग्लास समोर ठेवून ओतल्याबरोबर, पंधरा मिनिटांनी आणि तासाभराने असा तीनदा वास घेते. पहिल्या क्षणी कोंदट वाटणारा वास पुष्कळदा दहा मिनिटांत निघून जातो. वाइन तासाभरात उलगडत गेली तर तिच्यात अजून जीव आहे. पंधरा मिनिटे सुंदर राहून नंतर कोसळली तर तिचा काळ संपत आला आहे, आणि तरीही ती पंधरा मिनिटे खरी असतात. आपल्या पाहुण्यांचे मतभेद याहीमुळे असू शकतात की त्यांनी ती वेगवेगळ्या वेळी चाखली.

निकाल लिहिताना शंभरांपैकी गुण देण्याची पद्धत मला जुन्या वाइनसाठी अपुरी वाटते, कारण एकाच आकड्यात दर्जा आणि टप्पा दोन्ही कोंबले जातात. वाइनचे शिक्षण देणाऱ्या लंडनच्या डब्ल्यूएसईटी या संस्थेच्या अभ्यासक्रमात हे दोन निर्णय वेगळे ठेवले आहेत, आणि मीही तसेच करते. दर्जासाठी समतोल, लांबी (चव किती वेळ रेंगाळते), तीव्रता आणि गुंतागुंत. टप्प्यासाठी ‘फार तरुण’, ‘आता चालेल पण पुढे सुधारेल’, ‘आताच प्या’ आणि ‘फार म्हातारी’ यांपैकी एक. आपल्या वर्णनावरून मी पहिल्या बाटलीला लिहिले असते: दर्जा चांगला, समतोल आम्लाकडे झुकलेला, टप्पा ‘आताच प्या’. त्याखाली ‘प्रवासानंतर लगेच उघडली, गाळ ढवळलेला, उबदार वाढली’ अशी नोंद, कारण तिच्याविना वरचा निकाल फसवा ठरतो.

दुसऱ्या बाटलीचे उत्तर तिची पातळी पाहून द्यायचे. ती खांद्याच्या मध्यापर्यंत उतरलेली असेल तर येत्या एक-दोन आठवड्यांतच, फार अपेक्षा न ठेवता उघडावी. पातळी मानेजवळ असेल तर महिनाभर आडवी, अंधारात, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी, मग दोन दिवस उभी करावी, आणि वर सांगितल्याप्रमाणे थंड करून, ऐन वेळी डिकँट करून द्यावी. सोबत तिखट मसाल्याचे जेवण नको. मिरची टॅनिनला खरखरीत करते आणि असे नाजूक गंध तिच्यापुढे टिकत नाहीत. साधे मीठ-मिरी लावून भाजलेले मटण पुरे. हे सगळे फेब्रुवारी संपायच्या आत व्हावे. पुण्याचा एक उन्हाळा, बंद फ्लॅटमध्ये पस्तिशीकडे झुकलेले तापमान, हा या वयाच्या वाइनवर मोठा घाला आहे. १२ ते १४ अंशांवर स्थिर राहणारे वाइन-कपाट आपल्याकडे असेल तर ती आणखी दोन-तीन वर्षे तग धरेल, पण त्या काळात ती अधिक चांगली होईल अशी आशा मला २००१ च्या या गावाकडून नाही. आणि बाटली एकच उरली असताना मी तरी वाट पाहिली नसती.